राहिलेली गुळाची तुळा

रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी मशीनवरच्या सिस्टरने मला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "काकू, झालं तुमचं. उद्यापासून यायचं नाही." मी रडायला लागले. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या बायकांनी माझे हात हातात घेतले, एकीने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. मलाही आधी तसंच वाटलं. पनवेलला नणंदेच्या घरी पोहोचेपर्यंत कळलं की हा आनंद नव्हे. मी घाबरले होते. उद्यापासून यायचं नाही म्हणजे उद्यापासून मला कोणी बघणार नाही.

ज्यांची ट्रीटमेंट नुकतीच संपली आहे आणि ज्यांना सगळे "सुटलीस बाई एकदाची" म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आजारपणात काय खावं आणि काय टाळावं हे सांगणारे रस्त्यात अडवून सांगतात. ते संपल्यावर काय होतं हे मला कोणीच सांगितलं नाही. त्यामुळे बरेच दिवस मला वाटत होतं की माझंच डोकं फिरलंय.

मी पेणची. रामवाडीला आमचं घर आहे, मागच्या पडवीत माझं पोह्याच्या पापडांचं काम चालतं. जोडीला बेबीताई, आणि हंगामात आणखी दोघीतिघी. हे नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टला जातात. मुलगी प्राची पुण्याला नोकरी करते. माझं माहेर रोह्याकडचं, कोलाडच्या रस्त्यावरून आत गेलं की भातशेतीचं गाव आहे. तिथे आई, भाऊ आणि वहिनी असतात. आई आपलं वय दर वेळी वेगळं सांगते, पण ऐंशीच्या घरात नक्की आहे.

कळलं तो दिवस

पापडाचं पीठ कुटताना काखेजवळ गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती. हंगाम ऐन भरात होता, म्हणून मी ती हंगाम संपेपर्यंत तशीच ठेवली. तुम्ही ठेवू नका. एवढंच त्यातलं शहाणपण.

पेणच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी तिथले डॉक्टर सगळं ह्यांच्याकडे बघून सांगत होते. गाठ माझी, आणि माहिती ह्यांना! हे मान हलवत होते, पण कानात काही शिरत नव्हतं ते मला दिसत होतं. शेवटी मीच बोलले, "डॉक्टर, माझी एक ऑर्डर राहिलीय. लग्नघरचे पापड आहेत. ते देऊन आले तर चालेल का?" डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पापड कोणी दुसरं करू शकेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, करू शकेल, पण माझ्यासारखे नाही. ते हसले. बाहेर आल्यावर ह्यांनी मला रसवंतीत नेलं, दोन ग्लास मागवले आणि दोन्ही स्वतःच पिऊन टाकले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पनवेलची खोली

मग ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. त्यातलं डॉक्टरी काही मी सांगत बसत नाही, तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मी नणंदेकडे पनवेलला राहायचे, तिथून मुंबईला जायचे. वन्संनी आपली आतली खोली मला दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपल्या. आम्हा दोघींचं लग्नानंतर फारसं पटलं नव्हतं. केमोच्या दुसऱ्या दिवशी मी ओकत असताना त्या माझं कपाळ धरून उभ्या राहायच्या, आणि वर दटावायच्या, "ओक नीट, मला घाई नाहीये." तेव्हापासून पटतं.

केस गेले त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पनवेलच्या उकाड्यात डोक्याला थंडच वाटायचं. भूक गेली ते मात्र सोसवलं नाही. मी खाण्याच्या धंद्यातली बाई. पीठ जिभेवर ठेवून मीठ सांगणारी. आता भाताचा वास आला तरी नाकाला पदर लावायचे. पाण्याला लोखंडाची चव लागायची. सगळे ताटाभोवती बसून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी घास गालात धरून बसायचे.

आई एकदा मला बघायला रोह्याच्या गाडीने पनवेलला आली. पिशवीत तांदूळ, सुके बोंबील आणि कडवे वाल. तिने स्वतः वालाचं बिरडं केलं, माझ्या आवडीचं, आणि ताट पुढे ठेवलं. मी भाताकडे बघितलं आणि रडायला लागले. मला एक घासही जाईना. आईने ताट उचलून आत नेलं. जाताना मला एवढंच म्हणाली, "रंजे, मी गावदेवीला बोललंय. तुझी गुळाची तुळा करीन."

तुळा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवळात मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात गूळ ठेवायचा. माणूस उचललं गेलं की तेवढा गूळ देवीपुढे ठेवायचा आणि मग गावात वाटायचा. नवस फेडायची आमच्याकडची ही जुनी रीत. काय वाहणार ते नवस करणारा सांगतो. काय मागितलं ते मात्र नवस फिटेपर्यंत तोंडातून काढत नाहीत. आणि माझ्या बाबतीत ते विचारायची गरज कोणाला होती? कॅन्सर झालेल्या लेकीसाठी आई दुसरं काय मागणार?

घरी आले तेव्हा

ट्रीटमेंट संपल्यावर आम्ही गाडीने पेणला आलो. पेणच्या अलीकडे जिते स्टेशनात गाडी थांबली तेव्हा खाडीकडचा खारट वारा आत आला. मी तोंडावरचा मास्क खाली केला आणि मोठा श्वास घेतला. बरं वाटलं, खोटं का सांगू. घरी बेबीताईने दारात रांगोळी काढली होती. शेजारपाजारचे येऊन गेले. प्राची सुटी काढून आली होती, ती आठवडाभर राहून गेली. ह्यांनी पुन्हा शिफ्ट घेतली.

आणि मग घर रिकामं झालं, आणि मी आणि तो दोघेच उरलो. त्या आजाराला मी "तो" म्हणते. गेला असं सगळे सांगत होते, पण कुठे गेला ते कोणी दाखवत नव्हतं.

डोकं दुखलं की वाटायचं, डोक्यात आला. खोकला आला की छातीत. मी आंघोळीला अर्धा अर्धा तास लावायचे, सगळं अंग चाचपून बघायचे. टीव्हीवर त्या आजाराची बातमी लागली की उठून जायचे, आणि आतून कान देऊन ऐकायचे. ट्रीटमेंट चालू असताना एवढी भीती वाटली नव्हती. तेव्हा रोज काहीतरी करायचं असायचं. गोळी घ्यायची, सुई घ्यायची, गाडी पकडायची. आता करायचं काहीच नव्हतं. फक्त बरं असायचं होतं, आणि ते मला जमत नव्हतं.

घरातल्यांचं दुसरंच. ह्यांनी मला काचेच्या बरणीसारखं करून ठेवलं. पाण्याची कळशी उचलू नको, हाताला सूज येईल. बरोबर, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण कांदासुद्धा चिरायचा नाही? एकदा मी विळी घेतली तर ह्यांनी ती काढून घेतली. मी ओरडले, "मी मेलेय का? मग मला कांदा चिरू द्या!" हे विळी तशीच हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, मला दुसरं काय करता येतं? कांदा मी चिरू शकतो. म्हणून चिरतोय." त्यांचे डोळे भरून आले होते. कांद्याला अजून हातही लागला नव्हता. आम्ही दोघे मग बराच वेळ स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होतो. त्या दिवशी कळलं की माझ्याइतकेच तेही घाबरलेत, आणि त्यांनी ते कोणाजवळ बोलायचं? कंपनीत तर सगळे त्यांना पेढे मागत होते.

लाट्या

पावसाळा सरून पुन्हा पापड सुरू झाले. मला कुटायची बंदी, लाटायचंही जपून. सुरुवातीला मी नुसती पाटावर बसून बघायचे. एका दुपारी बेबीताईने पीठ कुटून तेलाचा हात लावला आणि दोरीने लाट्या कापायला घेतल्या. हिंगाचा आणि मिरचीचा वास आला. आणि माझ्या पोटात काहीतरी वळवळलं. मला आधी वाटलं, दुखतंय. मग ओळख पटली. भूक लागली होती.

मी हात पुढे केला. बेबीताई म्हणाली, "तिखट हाय हां वहिनी, सोसल काय?" मी लाटी तेलात बुडवून खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना म्हटलं, "बेबीताई, मीठ कमी आहे." तिने हातातली दोरी खाली टाकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. सहज सांगितलं, आज लाट्या खाल्ल्या म्हणून.

"कोनी खा म्हटलं काय तुला?" आईने विचारलं.

"नाही गं. भूक लागली म्हणून खाल्ल्या."

आईने फोन ठेवूनच दिला. मला वाटलं, फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचाच फोन. "रंजे, तुळेचा दिवस गुरवाला विचारून ठेवते. कधी येतंस?"

मी नाही म्हटलं.

कारण साधं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाच वर्षं तपासणीला येत राहायचं, त्यानंतरच बरी झाली असं ठामपणे म्हणता येईल. मग आत्ताच नवस कसा फेडायचा? झालं झालं म्हणून देवळात वाजत गाजत तुळा करायची, आणि सहा महिन्यांनी तो परत आला तर? मला वाटायचं, आपण फेडला की तो ऐकेल आणि उठून येईल. हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

आणखीही एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. पारड्यात मांडी घालून बसायचं, सगळ्या गावाने बघायचं. ऑपरेशन झालं त्या बाजूला मी ब्लाउजच्या आत कापडाची गादी शिवून घालते. लोकांची नजर आधी तिथेच जाते, मग चेहऱ्यावर येते. मला गुळासकट त्या नजरा नको होत्या.

हे थट्टा करायचे. "आईंना म्हणावं घाई करा, तुझं वजन वाढतंय. उशीर केला तर रोह्याच्या बाजारातला गूळ पुरायचा नाही." मी हसायचे, पण तारीख द्यायचे नाही.

पाठ दुखली

मधे, पुन्हा लाटायला बसू लागले तशी, माझी पाठ धरली. वाकता येईना. मी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं. हाडात आला. प्राचीचं लग्न बघायला मिळणार नाही इथपर्यंत जाऊन आले. हे मला मुंबईला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही बरेच दिवस बसून होतात आणि एकदम पाटावर कामाला बसलात. पाठ दुखणारच."

मी तिथेच रडले. डॉक्टरांनी मला खालच्या मजल्यावर एका बाईंकडे पाठवलं. पेशंटशी बोलणं एवढंच त्यांचं काम. मी त्यांना विचारलं, "मला वेड लागलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही. ट्रीटमेंट संपल्यावर पुष्कळ जणांना असं होतं. इतके दिवस तुम्ही फक्त तग धरून होतात, घाबरायला वेळ कुठे होता? ते आता होतंय." त्यांनी सांगितलं की दुखणं आलं की लगेच टोकाचा विचार करायचा नाही, थोडे दिवस बघायचं, नाही थांबलं तर डॉक्टरांना फोन करायचा. आणि भीती घरात बोलून दाखवायची. लपवली की ती जास्त जागा घेते.

ह्या बाईंकडे मी अजूनही जाते. तुमच्या दवाखान्यात अशी कोणी असेल तर लाजू नका, जा. आम्हा बायकांना पोट दुखलं तर सांगता येतं, मन दुखलं तर वाटतं, नखरे म्हणतील.

वाल निवडताना

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. "ताई, तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात, पण आईंनी गूळ सोडलाय. नवस बोलल्यापासून. आता साखरही नाय घेत. कोरा कडू चहा पितात. काय बोललं तर उठून जातात."

आई म्हणजे गुळाच्या चहावर जगणारी बाई. मला राग आला, इतका की मी त्याच दिवशी रोह्याची गाडी पकडली. स्टेशनवरून रिक्षाने गावात गेले. आई पडवीत सूप घेऊन वाल निवडत बसली होती. मला बघून तिने सूपही खाली ठेवलं नाही.

"एकटी आलीस? जेवलीस काय गो?"

"आई, गूळ का सोडलास?"

"नवस फिटंपर्यंत नाय खायचा. माझा मी ठरवला."

"आई, डॉक्टर म्हणतात पाच वर्षं जाऊ द्यात. मग करू तुळा. मी नाही म्हणते का?"

"पाच वर्सं? मी काय तवर ऱ्हाते हाय?"

"मग मी तरी राहणार आहे का, कोणाला माहीत!"

माझ्या तोंडून निघून गेलं. एवढ्या दिवसांत हे मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. वहिनी दारात आली होती ती मागच्या मागे आत गेली. आईने सुपातला एक किडका वाल उचलून अंगणात फेकला.

"म्हंजे हे हाय," ती म्हणाली. "तुला वाटतंय मी काय मागितलं?"

"मी बरी व्हावी म्हणून."

"नाय."

"मग काय?"

"तू मला येडी समजतेस काय गो? हिला जन्मभर काय होऊ देऊ नको, असा नवस कोन करतो? जन्मभर कोन टिकलाय? तुझा बाप टिकला? देवाला येवढं ओझं घालायचं नसतं. जेवढं झेपंल तेवढंच मागायचं." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "फिटल्याबिगर सांगायचं नसतं, पन तू बोलायला लावतेस. पनवेलीस मी बिरडं केलं, तू भाताकडं बघून रडलीस. ताट आत नेलं नि तिथंच मोरीपाशी हात जोडले. म्हटलं, आई, माझ्या पोरीला भूक लागू दे. येवढंच."

"फक्त भूक?"

"फक्त? पोर जेवत नाय, ह्याच्यापरीस मोठं काय असतं आयशीला?" तिचा आवाज चढला. "तू फोनवर बोललीस ना, कोनी सांगितलं नाय, भूक लागली म्हनून खाल्लं. तवाच माझा नवस पुरा झाला. तिनं तिचं दिलं. माझं द्यायचं ऱ्हायलंय. तुझ्या डागदराची पाच वर्सं मधे घालू नको."

मी इतके दिवस जे राखून ठेवलं होतं ते कोणी मागितलंच नव्हतं. पाच वर्षांचं वचन मी उगाच माझ्या आणि देवीच्या मधे मांडून बसले होते. आईने एका जेवणापुरतं मागितलं होतं, आणि ते मिळालं होतं.

"आणि परत आला तर?" मी विचारलं.

"तर परत मागू. देवी काय गाव सोडून चाललीय?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. ती माझे नवे, अजून आखूड असलेले केस बोटांनी उलटसुलट करत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "केस चांगले कुरळे आलेत. माझ्यावर गेलेत."

तुळा

आधीच सांगते, भीती गेली नाही. तपासणी जवळ आली की आजही मला आठवडाभर झोप लागत नाही, ह्यांच्यावर चिडते, पापडात हिंग जास्त पडतो. पण आता मी पाच वर्षांचा हिशोब करत नाही. सकाळी उठल्यावर भूक लागली की म्हणते, आजचं मिळालं. पूर्वी कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला पुस्तकी म्हटलं असतं. आईने सुपात हात घालून सांगितलं म्हणून पटलं.

थंडीत, वालाला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, तुळा झाली. गावातले बरेच जण जमले होते. देवळाच्या तुळईला भाताची पोती मोजायचा तराजू टांगला होता. रोह्याहून आणलेल्या गुळाच्या ढेपा एका बाजूला रचल्या होत्या आणि त्यांच्यावर मुंग्या यायला सुरुवात झाली होती, म्हणून गुरव घाई करत होता. मी गादी नीट बसवून, पदर पिनांनी पक्का करून गेले होते. पारड्यात मांडी घालून बसले तर व्हायचं तेच झालं. गादी सरकली. मी पदर ओढला. समोरच्या बायकांच्या नजरा गेल्या, मला दिसल्या.

गूळ रचेपर्यंत शेजारच्या घरातली सून माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, ती गाठ दुखत होती काय?" तिचा एक हात स्वतःच्या काखेजवळ होता.

"नाही. दुखत नाही म्हणून तर कळत नाही," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या दाखव. मी येते तुझ्याबरोबर." तिने मान हलवली. मग मी पदर सोडून दिला. बघणाऱ्यांनी बघावं.

भाऊ एकेक ढेप ठेवत होता. सगळे पारड्याकडे बघत होते. माझं पारडं हललं, जमिनीपासून बोटभर सुटलं, आणि हे गर्दीतून ओरडले, "वाढलंय हां वजन, मी म्हटलं होतं!" सगळं देऊळ हसलं. मीही हसले. गुरवाने घंटा वाजवली. "झाली तुळा. सुटलं पारडं."

आई देवीपुढून उठली. काठी टेकत माझ्यापाशी आली, माझ्या पारड्याखाली हात घालून बघितला, आणि मागे वळून भावाला म्हणाली,

"नीट नाय सुटलं. अजून ठेव."

"आई, अगं, वर आलीय ती," भाऊ म्हणाला.

"तू ठेव. जड हाय माझी लेक."

आणि भावाने निमूटपणे आणखी एक ढेप ठेवली.